‘दोन हंगामांत संपला’ म्हणण्याची घाई

एनबीए या अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला एखादा विशीतला खेळाडू अडखळू लागला की एक मजकूर हमखास फिरतो: ‘खरी गुणवत्ता दोन-तीन हंगामांत दिसतेच. आकडे खोटं बोलत नाहीत. संधी देऊन झाली. क्लबने सोडलं म्हणजे त्यांना आतलं माहीत असणार. आणि पोरगा मनाने कच्चा आहे.’ ऐकायला हे सगळं पटतं, पण एकेक विधान तपासलं की फारसं उरत नाही.

आधी आकडे. जर्मेन ओनील १९९६ मध्ये शाळेतून थेट पोर्टलंडच्या संघात आला. चार हंगामांत त्याची सरासरी एकदाही पाच गुणांपर्यंत पोचली नाही. पण तो खेळत होता किती? चौथ्या हंगामात सामन्यामागे जेमतेम १२ मिनिटं, कारण त्याच्या जागी रशीद वॉलेस, ब्रायन ग्रँट, सबोनिस अशी मंडळी होती. त्या १२ मिनिटांतले चार गुण मुख्य खेळाडूला मिळतात तशा ३६ मिनिटांच्या हिशेबाने मांडले तर ११ च्या वर जातात. २००० मध्ये इंडियानाने त्याला घेतलं आणि ३२ मिनिटं खेळवलं. पहिल्याच वर्षी जवळपास १३ गुण आणि १० रिबाउंड (हुकून परतलेला चेंडू पकडणं), पुढच्या वर्षी १९ गुण, आणि कारकिर्दीत सहा वेळा ऑल-स्टार, म्हणजे लीगमधल्या निवडक खेळाडूंच्या वार्षिक सामन्यात निवड. आकडे खरेच होते, फक्त लोकांनी गुण वाचले आणि मिनिटं वाचली नाहीत.

‘संधी देऊन झाली’ हे मला सगळ्यात अन्यायाचं वाटतं. आयुष्यभर चेंडू हातात ठेवून खेळलेल्या मुलाला कोपऱ्यात उभं करायचं, पहिला पास चुकला की बेंचवर बोलवायचं आणि हरलेल्या सामन्याची शेवटची पाच मिनिटं द्यायची, याला संधी म्हणायचं? चॉन्सी बिलप्सला १९९७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, बॉस्टनने तिसऱ्या क्रमांकावर निवडलं आणि पहिला हंगाम संपायच्या आत दुसऱ्या संघाला देऊन टाकलं. टोरोंटो, डेन्व्हर, ऑरलँडो, मिनेसोटा असं फिरून २००२ मध्ये तो डेट्रॉइटला आला. तिथे संघाची सूत्रं त्याच्याकडे सोपवली गेली. २००४ च्या अंतिम फेरीचा सर्वोत्तम खेळाडू तोच होता.

क्लबला आतलं माहीत असतं, हे काही अंशी खरं आहे. पण ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूला करारात तिसऱ्या वर्षी ठेवायचं की नाही, हे क्लबला पहिला हंगाम संपल्यानंतरच्या ३१ ऑक्टोबरपर्यंत ठरवावा लागतो. म्हणजे निर्णय एका हंगामावर, आणि त्यात पैशाचं गणितही असतं. स्टीव्ह नॅशला फिनिक्सने १९९८ मध्ये डॅलसला दिलं. तिथल्या पहिल्या हंगामात त्याने बास्केटकडे टाकलेले ३६ टक्केच चेंडू आत गेले, घरच्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. २००४ मध्ये त्याच फिनिक्सने त्याला परत आणलं आणि २००५, २००६ असा दोनदा तो लीगचा एमव्हीपी, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, ठरला.

मनाच्या कच्चेपणाबद्दल मार्केल फुल्ट्झचं उदाहरण पुरे. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेलेल्या या खेळाडूची चेंडू टाकण्याची लय अचानक बिघडली, फ्री थ्रो (फाउलनंतर मिळणारी मोकळी फेक) ४८ टक्क्यांवर आले, आणि मानसिक दुबळेपणाची चर्चा झाली. डिसेंबर २०१८ मध्ये निदान झालं थोरॅसिक आउटलेट सिंड्रोमचं: गळ्याच्या हाडाजवळ नसा दबण्याचा आजार. पुढे ऑरलँडोत तो नियमित खेळला आणि त्याचे फ्री थ्रो ७३ टक्क्यांच्या आसपास गेले. तो तारा झाला नाही, पण दुबळाही नव्हता.

अर्थात, प्रत्येक जण फुलतोच असं नाही. २०१३ च्या ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेलेला अँथनी बेनेट चार हंगामांत चार संघ फिरून लीगबाहेर गेला. त्याच ड्राफ्टमध्ये पंधरावा निवडला गेलेला आणि पुढे लीगचा एमव्हीपी झालेला यानिस अँटेटोकुन्म्पो पहिल्या वर्षी सामन्याला सातपेक्षा कमी गुण करत होता.

म्हणून मी सरासरी गुणांकडे शेवटी बघते. आधी वय, मग फ्री थ्रो, कारण तिथे समोर बचाव नसतो आणि हाताची मूळ लय दिसते. मग फाउलची संख्या मिनिटांच्या प्रमाणात कमी होते आहे का, आणि चेंडू नसताना तो योग्य जागी पोचतो का. हे सगळं सुधारत असेल तर त्याला एक अख्खा हंगाम सामन्यामागे २५ मिनिटं, एकाच ठरलेल्या भूमिकेत खेळवा आणि मग बोला.