उघड्या सड्यावर बिया फेकू नका: एका फॉरवर्डला उत्तर

जून उजाडला की मुंबईतल्या ट्रेकिंगच्या आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर एक संदेश हमखास फिरतो. कर्जत-कसाऱ्याकडे जाताना बिया किंवा सीडबॉल (बी घालून वळलेले मातीचे गोळे) सोबत न्या आणि उघडा डोंगर दिसेल तिथे फेका, असा त्याचा आशय. त्यासाठी चार कारणं दिलेली असतात. उघडा डोंगर म्हणजे मेलेली जमीन. बी पडेल तिथे जुळवून घेतं. झाड देशी असलं की कुठेही चालतं. आणि उन्हाळे वाढले तरी डोंगरावरच्या वनस्पती आपोआप वर, थंडाव्याकडे सरकतील, त्यांची चिंता नको. पाठवणाऱ्यांच्या मनात निसर्गाबद्दल माया आहे, याबद्दल मला शंका नाही. पण ही चारही कारणं चुकीची आहेत आणि त्यांच्या आधारानं जे केलं जातं, त्यानं डोंगराचं नुकसान होतं.

उघडा डोंगर म्हणजे मेलेली जमीन

मे महिन्यात सडा, म्हणजे डोंगरावरचं उघडं खडकाळ पठार, पाहिला तर तसं वाटणं साहजिक आहे. काळा कातळ किंवा जांभा, त्यावर कुठे बोटभर माती, कुठे तीही नाही. चार महिने पाणीच पाणी, उरलेले आठ महिने टिपूस नाही. पण या जगण्यासाठीच घडलेल्या वनस्पती तिथे आहेत. सीतेची आसवं ही इवली जांभळी फुलं घ्या. सड्याच्या मातीत नायट्रोजन फार कमी, म्हणून या वनस्पतीच्या मुळांजागी बारीक पिशव्या असतात आणि त्या पाण्यातले सूक्ष्म जीव आत ओढून घेतात. शेजारचं दवबिंदू चिकट केसांवर किडे पकडतं. खरचुडीसारख्या कंद धरणाऱ्या वनस्पती उन्हाळाभर जमिनीखाली कंद होऊन राहतात. काही गवतं आणि नेचे तर पूर्ण वाळून जातात आणि पाऊस पडताच पुन्हा हिरवे होतात. पश्चिम घाटात वाळूनही जिवंत राहणाऱ्या अशा ६२ जाती पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या अभ्यासकांनी नोंदवल्या आहेत.

शिंदळ माकुडी कड्यावर राहते. पावसाळ्यात तिला पानं असतात. पाऊस गेला की पानं गळतात आणि मांसल खोडातल्या पाण्यावर ती दिवस काढते. महाराष्ट्राबाहेर ती निसर्गात कुठेही उगवत नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ डाल्झेल यांनी एकोणिसाव्या शतकात तिचं वर्णन केलं आणि तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्यावरून तिला फ्रिअरिया हे शास्त्रीय नाव दिलं.

मुंबईकरांना हे पाहायला घाटावर जायचीही गरज नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात कारवी हे झुडूप दर आठ वर्षांनी एकदम फुलते: २००८, २०१६, २०२४. फुलून बी धरलं की अख्ख्या उताराची कारवी एकाच वेळी मरते आणि उतार करडा दिसू लागतो. असा उतार पाहून जंगल जळालं किंवा कुणी तोडलं असं वाटतं, आणि तिथेच सीडबॉल फेकायला माणसं पुढे येतात. प्रत्यक्षात तिथल्या मातीत कारवीचंच बी भरपूर पडलेलं असतं. सगळ्या झाडांनी एकाच वर्षी इतकं बी टाकायचं की खाणाऱ्यांनी खाऊनही ते उरावं, असा या सामूहिक फुलण्यामागचा एक फायदा मानला जातो. त्या बियांतून येणाऱ्या रोपांना उतार मोकळा हवा असतो.

बी पडेल तिथे जुळवून घेतं

चारही दाव्यांत हा दावा सगळ्यांत पटण्यासारखा आहे, म्हणून त्याला जरा जास्त वेळ देतो. एकेकाळी शास्त्रज्ञही हे मानत. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ गास्तों बोनिए यांनी सखल भागातली रोपं आल्प्स आणि पिरेनीज पर्वतांत उंचावर लावली आणि त्यांचं रूपांतर पर्वतीय जातींत झालं, असा दावा केला.

पुढे कॅलिफोर्नियात क्लाउसेन, केक आणि हीझी या तिघांनी तो नीट तपासला. एकाच रोपाचे भाग करून त्यांनी ते तीन ठिकाणी वाढवले: समुद्रसपाटीजवळ स्टॅनफर्डला, सुमारे १,४०० मीटरवर आणि सुमारे ३,००० मीटरवर. १९४० आणि १९४८ साली त्यांचे निष्कर्ष छापून आले. रोपं थोडीफार बदलली. कुठे उंच झाली, कुठे ठेंगणी. पण बदलाला मर्यादा होती. किनाऱ्याजवळची रोपं उंचावर तग धरेनात. काही मेली, काहींचं बी थंडी पडायच्या आत पिकेना. उंचावरची रोपं खाली आणली तरी ती बुटकीच राहिली, कारण बुटकेपणा त्यांच्या वंशात उतरला होता. एका जातीचं रूपांतर दुसरीत झालं नाही.

म्हणजे झाड आपल्या आयुष्यात जे बदलतं ते थोडं. खरा बदल पिढ्यांचा असतो. हजारो बिया पडतात, बहुतेक मरतात, जी जागेला साजतात ती बी धरतात, आणि असं शेकडो, हजारो पिढ्या चालतं. दादरच्या बाजारातल्या आंब्याची कोय सड्यावर टाकली तर ती पावसात उगवेल आणि डिसेंबरपर्यंत करपून जाईल. ती एकटी कोय कातळाशी जुळवून घेऊ शकत नाही.

देशी असलं की कुठेही चालतं

देशी, पण कुठलं? दीपकाडीचंच उदाहरण पाहा. एकाच कुळातली ही पांढऱ्या-हिरवट फुलांची कंदवर्गीय रोपं. एक जात कोकणातल्या सखल जांभ्या सड्यांवर येते. दुसरी महाबळेश्वर-पाचगणीच्या उंच पठारांवर. तिसरी मुंबईतल्या कान्हेरीच्या खडकांवर. वनस्पतींचे अभ्यासक फादर ब्लॅटर यांनी या तिसरीचं वर्णन केलं. त्यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह आजही सेंट झेवियर्स कॉलेजात आहे. तिन्ही जाती सह्याद्री-कोकणातल्याच, पण प्रत्येकीनं आपापला खडक धरला आहे.

शिवाय सीडबॉलमध्ये पुष्कळदा देशी झाडंही नसतात. गुलमोहर, सुबाभूळ, गिरिपुष्प स्वस्तात आणि ढिगानं मिळतात म्हणून भरली जातात. बहुतेक सीडबॉल वाया जातात, पण जी रोपं तगतात ती याच चिवट परदेशी झाडांची. सुबाभूळ आणि गिरिपुष्प मातीत नायट्रोजन वाढवतात. मग उंच गवत माजतं, सावली पडते आणि उपाशी मातीसाठीच घडलेली सीतेची आसवं आणि दवबिंदू त्याखाली हरवतात. शेतात जे खत म्हणून उपकारक, ते सड्यावर घातक ठरतं.

वनस्पती वर सरकतील

हिमालयात वर सरकायला जागा आहे. आपल्याकडे सर्वांत उंच कळसूबाई, १,६४६ मीटर. बोरिवलीच्या उद्यानातलं जांभूळमाळ तर ४६८ मीटरच. जी खरचुडी आधीच एखाद-दुसऱ्या गडाच्या माथ्यावर उरली आहे, तिच्यावर फक्त आकाश आहे. शेजारच्या गडावर जायचं तर मधली गरम दरी ओलांडावी लागते. अशा जातीसाठी आजचा माथा हीच एकमेव जागा. तिथे आपण झाडोरा उभा केला तर तिला दुसरीकडे जायला वाट नाही.

झाडं लावूच नयेत असं माझं म्हणणं नाही. जिथे खोल माती आहे आणि जंगल तोडलेलं आहे, तिथे त्याच खोऱ्यातल्या झाडांच्या बियांपासून रोपं करून लावणं आवश्यक आहे. ते काम वनखात्याला आणि स्थानिक वनस्पती ओळखणाऱ्यांना विचारून करावं, लावलेलं झाड तीन-चार उन्हाळे सांभाळावं. जमवलेल्या आंब्या-जांभळाच्या बिया रोपवाटिकेत द्याव्यात किंवा सोसायटीच्या आवारात रुजवाव्यात; मुंबईला सावलीची निकड आहेच. सड्यासाठी काही करायचंच असेल तर तिथे गाड्या नेऊ नयेत, फुलांवर बसून फोटो काढू नयेत, आणि उन्हाळ्यात वणवा दिसला तर वनखात्याला लगेच कळवावं. यंदा हा संदेश ग्रुपवर आला की त्याखाली एवढं तरी लिहा: बिया सड्यावर नकोत.