गोल्फमधली शांतता आणि कागदाची चुरचुर

सुरुवातीच्या बोलपटांचा विषय निघाला की एक शेरा हमखास ऐकू येतो: 'कॅमेरा एका जागी लावून नाटक चित्रित केलंय झालं.' मला हे अजिबात पटत नाही. असं म्हणणाऱ्यांना मी दर वेळी अमेरिकी विनोदी नट डब्ल्यू. सी. फील्ड्सचा 'द गोल्फ स्पेशालिस्ट' बघायला लावते. १९३० साल, जेमतेम वीस मिनिटं, फील्ड्सचा पहिला बोलपट.

एक माणूस गोल्फ खेळायला उभा राहतो आणि शेवटपर्यंत चेंडूला काठी लागतच नाही. काठी उचलली की कॅडीचे, म्हणजे काठ्यांची पिशवी वाहणाऱ्या मदतनिसाचे, बूट करकरतात. मग पेस्ट्रीवर पाय पडतो, तिचा चिकट कागद बुटाला चिकटतो. तो सोडवावा तर हाताला, या हाताचा काढावा तर त्या हाताला. आणि प्रत्येक वेळी चुरचुर, चुरचुर.

हा प्रवेश फील्ड्स १९१८ पासून ब्रॉडवेवर निर्माता झीगफेल्डच्या रंगमंचावर करत होता. १९२६ च्या 'सोज युअर ओल्ड मॅन' या मूकपटातही तो होता. पण तिथे ही चुरचुर कुठून आणणार? गोल्फ म्हणजे श्वास रोखून उभं राहण्याचा खेळ. त्या शांततेत कागद वाजला तरी माणसाचा तोल जातो, हे ध्वनी आल्यावरच पडद्यावर पूर्ण कळलं. म्हणून माझं ठाम मत आहे की हा विनोद बोलपटाचाच आहे.

आणि राहिला तो स्थिर कॅमेरा. त्या काळात कॅमेऱ्याची घरघर मायक्रोफोनमध्ये जाऊ नये म्हणून त्याला बंदिस्त करावं लागे, हे खरंच. पण फील्ड्स मुळात जगलर, वस्तू हवेत उडवून झेलण्याच्या कसरती करणारा. त्याचे हात, खांदे, टोपी, वाकणारी काठी हे सगळं एकाच चौकटीत दिसायलाच हवं. मध्ये कट मारला असता तर त्या हातांची लय तुटली असती.

थ्री स्टूजेस या विनोदी त्रिकुटाचा 'थ्री लिटल बिअर्स' (१९३५) मलाही आवडतो. त्यात मैदानाची पार नासधूस होते, एक झाडच तोडलं जातं, शेवटी बिअरची पिंपं उतारावरून गडगडत येतात. धमाल आहे, पण तिथे गोल्फऐवजी दुसरा कुठलाही खेळ चालला असता.

फील्ड्सचा बघाल तेव्हा हेडफोन लावा. जुन्या ध्वनिपट्टीची खरखर सतत असते, आणि तिच्यातूनही तो कागद स्पष्ट ऐकू येतो. काल रात्री मी तेवढाच भाग चार वेळा मागे नेऊन ऐकला.