‘मुंबईचं नळाचं पाणी म्हणजे स्लो पॉयझन’: त्या फॉरवर्डचं एकदा नीट बघू

सध्या सोसायटीचा ग्रुप असो, शाळेच्या पालकांचा असो की मामा-मावश्यांचा, सगळीकडे एकच मेसेज फिरतोय. बीएमसीच्या पाण्याचा टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण) भयंकर आहे, तलावात गटार सोडलंय, क्लोरीनने कॅन्सर होतो, उकळून काही उपयोग नाही, आरओ (पाण्यातले क्षार गाळून काढणारं मशीन) लावा नाहीतर जार मागवा, आणि पुढच्या दहा जणांना पाठवा. सोबत हिरव्यागार तलावाचा फोटो आणि तपकिरी झालेल्या ग्लासाचा व्हिडिओ. आता मुंबईच्या पाण्यात प्रॉब्लेमच नाही असं मी म्हणत नाहीये, आहे, पावसाळ्यात तर चांगलाच आहे, पण तो या मेसेजमध्ये कुठेच नाही.

आधी तो व्हिडिओ, कारण लोक घाबरतात ते त्यालाच. एका ग्लासात नळाचं पाणी, दुसऱ्यात आरओचं, दोन्हीत धातूच्या कांड्या बुडवतात, प्लग लावतात, आणि मिनिटाभरात नळाच्या पाण्यात तपकिरी गाळ फुलतो, आरओचं तसंच स्वच्छ. लगेच कोणीतरी विचारतं, हे आपण पितो? नाही हो, हे आपण पीत नाही! त्या कांड्यांपैकी एक लोखंडाची असते, करंट गेला की लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचाच गंज तुम्हाला दिसतो. नळाच्या पाण्यात थोडे क्षार असतात म्हणून करंट वाहतो, आरओच्या पाण्यात ते जवळपास नसतातच म्हणून काही होत नाही. पुढच्या वेळी सेल्समन दारात आला की त्याच्याच आरओच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि परत प्लग लावायला सांगा, ते पण तपकिरी होईल, मग तो बॅग भरायला लागतो.

तर टीडीएस. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, त्यात कॅल्शियम आलं, मॅग्नेशियम आलं, साधं मीठ आलं. आपल्याकडच्या आयएस १०५०० या पिण्याच्या पाण्याच्या स्टँडर्डमध्ये ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत चांगलं, दुसरी सोयच नसेल तर २००० पर्यंत चालेल असं दिलंय. मुंबईचं तलावाचं पाणी साधारण शंभरच्या आसपास असतं, म्हणजे आधीच मऊ. २०१९ मध्ये राष्ट्रीय हरित लवादानेच, म्हणजे पर्यावरणाचे खटले बघणाऱ्या न्यायालयाने, सांगितलं होतं की टीडीएस ५०० च्या खाली आहे तिथे आरओवर बंदी घाला. वर ते मशीन एक लिटर देताना दोन-तीन लिटर मोरीत सोडतं, तेही ज्या शहरात मे महिन्यात पाणीकपात लागते तिथे. आणि मुख्य म्हणजे टीडीएस मीटरला जंतू दिसतच नाहीत, काविळीचे व्हायरस असलेल्या पाण्यातही तो झक्कपैकी ८० दाखवेल. हां, तुमच्या बिल्डिंगला बोअरवेल किंवा टँकरचं खारं पाणी येत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे आरओला अर्थ आहे.

तलावात गटार? फोटोतल्यासारखी जलपर्णी दिसते ती पवई तलावात, आणि पवईचं पाणी पिण्यासाठी वापरतच नाहीत. आपलं पाणी येतं भातसा, तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा, विहार आणि तुळशीतून. विहार-तुळशी नॅशनल पार्कच्या जंगलात, बाकीचे पार शहापूर, मोखाडा, इगतपुरीकडे. रोजचं साधारण ३,९०० दशलक्ष लिटर, बहुतेक सगळं भांडुप आणि पांजरापूरच्या शुद्धीकरण केंद्रांत गाळ बसवून, फिल्टर होऊन, क्लोरीन मारून पुढे जातं. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने शहरांच्या नळांचे नमुने तपासून जाहीर केले त्यात मुंबईचे दहाच्या दहा पास झाले आणि दिल्ली तळाला. अर्थात दहा नमुने म्हणजे काही अख्खी मुंबई नव्हे, त्याच्या जोरावर कॉलर ताठ करायची गरज नाही.

क्लोरीनचा मुद्दा अगदीच हवेतला नाही. पाण्यातल्या पालापाचोळ्याच्या अंशाशी क्लोरीनची रिअ‍ॅक्शन होऊन क्लोरोफॉर्मसारखी द्रव्यं थोडी तयार होतात, त्यांच्या मर्यादा स्टँडर्डमध्ये ठरवलेल्या आहेत. पण जागतिक आरोग्य संघटनेचंच म्हणणं आहे की ती कमी करायच्या नादात जंतू मारण्यात तडजोड करू नका, कारण जंतूंचा धोका कितीतरी मोठा. वासाचा त्रास होत असेल तर पाणी भांड्यात भरून थोडा वेळ ठेवा, जातो.

उकळून उपयोग नाही हे तर धडधडीत चूक. उकळून क्षार जात नाहीत हे खरं, पण आपला प्रॉब्लेम क्षार नाहीतच. टायफॉइड, कॉलरा, कावीळ यांचे जंतू खळखळून उकळी आली की संपतात, एखादं मिनिट ठेवा, वीस मिनिटं गॅस जाळायची गरज नाही. आणि जार म्हणाल तर सील नसलेला, आयएसआय मार्क नसलेला थंडगार जार कुठे भरला ते देणाऱ्यालाही सांगता येणार नाही.

आता जे मेसेजमध्ये यायला हवं होतं ते. भांडुपला स्वच्छ झालेलं पाणी खराब होतं ते शेवटच्या टप्प्यात. आपल्याकडे पाणी ठरावीक तासच येतं, बाकी वेळ पाइप रिकामा, आत प्रेशर नाही, मग कुठे लीकेज असेल तर बाहेरचं घाण पाणी आत ओढलं जातं. चाळीत, झोपडपट्टीत तर बारीक गंजके पाइप थेट गटारातूनच नेलेले असतात, म्हणून पाणी सुरू झालं की पहिली काही मिनिटं वास येतो. ते पाणी पिण्यासाठी भरू नका, एवढी एक गोष्ट केली तरी फरक पडतो.

बिल्डिंगवाल्यांनी हसू नका, मीटरच्या पुढची जबाबदारी सोसायटीची. जमिनीखालची टाकी, तिचं झाकण तुटलेलं, शेजारी ड्रेनेजचा चेंबर, टाकी शेवटची कधी धुतली ते सेक्रेटरीलाही आठवत नाही, असं किती ठिकाणी आहे बघा. यावर ओटी टेस्ट भारी आहे. ट्यूबमध्ये नळाचं पाणी घ्यायचं, ऑर्थोटोलिडीन (म्हणजेच ओटी) या रसायनाचे थेंब टाकायचे, पिवळं झालं तर क्लोरीन शिल्लक आहे, रंग आला नाही तर नाही. महापालिकेची लाइन टाकीत पडते तिथे एकदा करा आणि वरच्या मजल्यावरच्या किचनमध्ये एकदा. खाली पिवळं आणि वर बिनरंगी आलं, तर क्लोरीन मधेच खर्च झालाय आणि संशय तुमच्याच टाकीवर, मग बीएमसीला शिव्या देण्याआधी टाकी साफ करणाऱ्याला फोन.

खालीच बिनरंगी आलं किंवा पाण्याला वास असेल तर बीएमसीच्या १९१६ या हेल्पलाइनवर किंवा वॉर्डच्या पाणी खात्यात तक्रार टाका. नुसतं ‘पाणी घाण येतंय’ म्हणू नका, कधीपासून, सुरुवातीच्या पाण्याला वास येतो की शेवटपर्यंत, आणि शेजारच्या बिल्डिंगला पण येतोय का, हे सांगा, त्यावरून लीकेज तुमच्या जोडणीत आहे की रस्त्याखालच्या लाइनमध्ये ते शोधायला त्यांना सोपं जातं. तोवर पाणी उकळा, आणि उकळणं जमत नसेल तर क्लोरीनच्या गोळ्या किंवा मेडिक्लोर (क्लोरीनचं द्रावण), पाकिटावर लिहिलंय त्या मापाने, आणि टाकल्यावर अर्धा तास थांबून मगच प्या.