‘जाड बाई म्हणजे आळशी बाई’: माझं उत्तर

आमच्या बचत गटाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज आठवड्यात तीनदा येऊन पडला. जाड बाई म्हणजे आळशी बाई. आपल्या आज्या जात्यावर दळायच्या म्हणून सडपातळ होत्या. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, 25 च्या वर गेला की बाई आजारीच. आणि तोंडावर बोलल्याशिवाय या बायका सुधारत नाहीत. माझं वजन 84 किलो आहे, म्हणून उत्तर मीच देते.

आळसाचं आधी. सोलापूरच्या पूर्व भागात माझ्या शेजारच्या अक्का सकाळी सातला मांडीवर सूप घेऊन बसतात, ते हजार विड्या होईपर्यंत. पानं कातरायची, तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा. मजुरी हजारावर मिळते, त्यामुळे पाय मोकळे करायला उठलं की पैसे बुडतात. वर घरचा स्वयंपाक. बसून बसून त्यांचं अंग सुटलंय, हे खरं. पण त्याला आळस म्हणायला माझी जीभ वळत नाही. थायरॉईड, पीसीओएस (बीजकोशांचा हार्मोन बिघाड), पाळी जाणं, स्टिरॉइडच्या गोळ्या यांनीही वजन वाढतं. आणि 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत जास्त वजनाच्या बायका 24 टक्के, तर पुरुष जवळपास 23 टक्के आहेत. पुरुषांवर असा मेसेज मला अजून आलेला नाही.

आता आजी. माझी आजी अक्कलकोट तालुक्यातली. 1972 च्या दुष्काळात तिनं सरकारी कामावर खडी फोडली, मिलोच्या, म्हणजे परदेशातून आलेल्या लाल ज्वारीच्या भाकरी खाल्ल्या, मदतीत मिळणाऱ्या सुकडीवर पोरं जगवली. नंतर बरे दिवस आले तरी ती सगळ्यांच्या मागून जेवायची. उरलेली भाकरी, भांड्याच्या तळाची आमटी. तिच्या गळ्याची हाडं वर आलेली होती आणि गावात तिला ‘वाळली’ म्हणत, सडपातळ नाही. तिच्या भुकेला कुणी तब्येत म्हटलं की मला राग येतो. त्याच पाहणीत 18.7 टक्के बायका गरजेपेक्षा कमी वजनाच्या आढळल्या. त्यांच्याबद्दल मेसेजमध्ये अक्षर नाही.

बीएमआयचं सूत्र बेल्जियमच्या केटले यांनी 1830 च्या दशकात मांडलं. ते डॉक्टर नव्हते, संख्याशास्त्रज्ञ होते, आणि शोधत होते सरासरी माणूस. भारतीयांसाठी डॉक्टर 23 पासूनच सावध करतात, बाईची कंबर 80 सेंटिमीटरच्या वर गेली तरीही. पोटावरच्या चरबीनं मधुमेहाचा धोका वाढतो, हे मी नाकारत नाही. पण धोका म्हणजे आजार नव्हे, आणि वजनकाटा निदान करत नाही. मला जिना चढताना धाप लागायची. एका डॉक्टरांनी नाडीही न बघता सांगितलं, ‘आधी वजन कमी करा, मग या.’ आठ महिने मी तशीच धापा टाकत चालत राहिले. दुसरीकडे रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 7.2, आणि गर्भाशयात गाठी. त्याच पाहणीत देशातल्या 57 टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. माझा मात्र माझ्या वजनाआड लपला.

राहिलं तोंडावर बोलणं. इंग्लंडमध्ये 2,944 लोकांचा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. वजनावरून वाईट वागणूक मिळाल्याचं सांगणाऱ्यांचं वजन चार वर्षांत सरासरी किलोभर वाढलं होतं, बाकीच्यांचं थोडं घटलं होतं. मला यात नवल वाटलं नाही. भाचीच्या लग्नात ‘हिला दोन साड्या जोडून नेसवा’ असं सगळ्यांदेखत ऐकल्यावर मी सिद्धेश्वर तळ्याकडे फिरायला जायचंच बंद केलं होतं. अक्कांनीही अशाच बोलण्यामुळे दोन वर्षं दवाखान्याची पायरी चढलेली नाही.

येत्या मंगळवारी आम्ही दोघी सिव्हिलला जातोय. साखर, थायरॉईड, हिमोग्लोबिन तपासायला. त्या दिवसाच्या विड्या त्यांची सून वळणार आहे.