जुनं रबर काढलं का?

डिझेल फिल्टर बदलायला वीस मिनिटं लागतात. परवाच्या रविवारी मी सकाळी साडेसातला पार्किंगमध्ये उतरलो आणि पावणेबाराला वर आलो. मधला सगळा वेळ काका.

गाडी २००७ ची इंडिका. दोन आठवडे कात्रजच्या चढावर धापा टाकत होती. ॲक्सिलरेटर दाबला की पळायचं सोडून विचारात पडायची. गॅरेजवाल्याने फोनवरच सांगितलं, फिल्टर चोक झालाय, बाराशे होतील, गाडी सोडून जा, बघतो. या 'बघतो'ला मुदत नसते. मागच्या खेपेला त्याने पाच दिवस बघितली होती. म्हणून नाना पेठेत गेलो. "इंडिका? अजून चालते?" असं दुकानदाराने आजोबांची चौकशी करावी तशा आवाजात विचारलं, आणि धूळ झटकून तीनशेऐंशीचा फिल्टर हातावर ठेवला. चालते म्हणजे काय! २०२२ मध्ये पंधरा वर्षं भरली तेव्हा तिची पुन्हा नोंदणी केलीय मी. त्याच वर्षीच्या एप्रिलपासून त्या नोंदणीची फी ६०० ची ५,००० झाली होती. आमची मुदत संपली ऑक्टोबरात. सात महिने आधी जन्मली असती तर... पण ते असो. ते आठवलं की मला पित्त होतं.

तर बॉनेट उघडून मी आत वाकलो होतो, आणि मागून दुधाच्या पिशव्यांचा आवाज आला.

"काय हो, बंद पडली?"

"नाही काका, फिल्टर बदलतोय."

"म्हणजे बंद पडली होती."

"पडली नव्हती. पडू नये म्हणून बदलतोय."

"हां. म्हणजे पडणार होती."

काका बी विंगचे. सोसायटीच्या कमिटीत आहेत. त्यांनी दुधाच्या पिशव्या माझ्याच गाडीच्या टपावर ठेवल्या, वॉचमनची खुर्ची ओढून घेतली आणि बसले.

"मेकॅनिक घरी येत नाही का?"

"येतो की. मीच करतोय."

"का पण?"

"जमतं म्हणून."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं, आजूबाजूला कोणी नाही ना ते पाहिलं आणि आवाज खाली आणला. "नोकरीचं ठीक आहे ना?"

आता यावर काय बोलायचं? आमच्याच विंगमधला एक जण पंधरा हजारांचे बूट घालून रोज पहाटे दहा किलोमीटर पळतो. त्याला कोणी विचारत नाही की बाबा, रिक्षाला पैसे नाहीत का. एक बाई घरी पाव भाजतात, तीन दिवस पीठ आंबवून. त्यांचं कौतुक होतं. पण एखाद्याने हातात पाना घेतला की त्याच्यावर वाईट दिवस आलेत हे ठरलेलं. मी हसून "ठीक आहे" म्हणालो. ते मी फार मोठ्याने म्हणालो असणार, कारण पहिल्या मजल्यावरची खिडकी उघडली.

"मी कंपनीत होतो," काका म्हणाले. "टेल्को. एकतीस वर्षं." टेल्कोचं नाव २००३ मध्ये टाटा मोटर्स झालं, हे पुण्यात पासष्टीच्या पुढच्या कोणालाही अजून कळवण्यात आलेलं नाही. "ही गाडी आमचीच." हे ते अशा हक्काने म्हणाले की क्षणभर मला वाटलं, किल्ली मागतील.

फिल्टर हाताने फिरेना. पॉलिश पेपर गुंडाळून पकड घेतली तेव्हा कुठे सुटला, आणि सुटताना कपभर डिझेल मनगटावरून कोपराकडे आणि कोपरावरून बगलेकडे निघालं. थोडं फरशीवर सांडलं.

"जुनं रबर काढलं का?"

"फिल्टरबरोबरच निघतं ते, काका."

"बघा हं."

नवा फिल्टर डिझेलने भरला, त्याच्या तोंडावरच्या रबराला (फटीतून हवा शिरू नये म्हणून असतं ते) डिझेलचं बोट फिरवलं, हाताने घट्ट आवळला. आता फक्त एअर काढायची. डिझेल गाडीचं हे एक आहे: लाइनीत हवा शिरली की इंजिनाला डिझेल मिळत नाही, नुसते बुडबुडे मिळतात. वरचा स्क्रू ढिला करायचा, फिल्टरच्या डोक्यावरचा हातपंप अंगठ्याने दाबत राहायचं, बुडबुडे थांबून निखळ डिझेल आलं की स्क्रू आवळायचा. पंचवीस-तीस दाबांत होतं म्हणे.

साठ झाले. शंभर झाले. काका मोठ्याने मोजत होते. दीडशेच्या सुमारास शाळेतली चार पोरं सायकली टाकून मोजायला लागली. वॉचमन आला. कुत्रं फिरवणाऱ्या एक बाई थांबल्या, त्यांच्या कुत्र्याने माझ्या बगलेचा वास घेतला आणि ते शिंकलं. अंगठा सुजला तरी बुडबुडे सोड्याच्या बाटलीसारखे येतच होते. स्टार्टर मारून पाहिला. गाडी नुसती कण्हली. तीनदा मारल्यावर बॅटरीही कण्हायला लागली.

"मी काय म्हणतो," काका म्हणाले, "जुनं रबर..."

"काका, निघतं हो ते!" मी ओरडलो. पोरं गप्प झाली. मग केवळ त्यांना दाखवायला, त्यांचं तोंड एकदाचं बंद व्हावं म्हणून, मी नवा फिल्टर परत खोलला. आणखी कपभर डिझेल.

वर, बैठकीला, काळं, चपटं, सरड्यासारखं चिकटून जुनं रबर बसलेलं होतं. त्याच्यावर मी नवं रबर आवळलं होतं आणि दोघांच्या फटीतून तासभर हवा ओढत होतो.

काका "बघा" म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते फक्त उठले, टपावरून दुधाच्या पिशव्या घेतल्या, एक चाचपली आणि "नासलं बहुतेक" म्हणाले. हेही माझ्याच खात्यावर.

"काका, इंजिन शॉपला होतात का तुम्ही?"

"छे हो. टाइम ऑफिसला, हजेरीवर. पण खिडकीतून दिसायचं."

एकतीस वर्षं खिडकीतून बघून माणसाला जे कळलं, ते मला गाडीत डोकं घालून कळलं नाही. यावर मी अजून नीट विचार केलेला नाही, करणारही नाही.

रबर स्क्रूड्रायव्हरने खरवडून काढलं. वॉचमनने शेजारच्या गाडीची बॅटरी जोडून दिली. बावीस दाबांत एअर निघाली आणि गाडी असा काही काळा धूर सोडून सुरू झाली की पहिल्या मजल्यावरच्या बाईंनी दोरीवरच्या चादरी ओढून घेतल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. काकांना उद्देशून.

संध्याकाळी लिफ्टशेजारी नोटीस लागली. 'सभासदांनी पार्किंगमध्ये वाहनदुरुस्ती करू नये. तेल सांडल्यास ५०० रुपये दंड.' खाली काकांची सही. शेजारी पुराव्यादाखल फोटो. त्यात डिझेलचं थारोळं आणि गाडीपुढे माझे नुसते पाय. नाव कुठेही नाही, एवढी सभ्यता काकांनी पाळली. पण डाव्या चपलेच्या पट्ट्याला सेफ्टी पिन आहे, आणि ती पिन अख्ख्या सोसायटीला ठाऊक आहे. "ती चप्पल टाक म्हणून वर्षभर सांगतेय," बायको म्हणाली. डिझेलच्या वासाबद्दल ती काही बोलली नाही. फक्त माझं ताट तिने गॅलरीत वाढलं.

दंड भरला. नवी चप्पल सहाशेला पडली. तरी लिफ्टची वाट बघणारे आधी नोटीस वाचतात आणि मग खाली माझ्या पायांकडे बघतात.