कर्नाळ्याची अनामत

मुंबई-गोवा रस्त्याने गावी जाताना पनवेल सुटलं की कर्नाळ्याचा सुळका दिसतो, वर काढलेल्या अंगठ्यासारखा. आयुष्यभर मी तो एसटीच्या खिडकीतून पाहिला आणि तेवढ्यावर आमचे संबंध उत्तम होते. पण मेहुण्याला ट्रेकिंगचं वेड लागलं. ‘‘भावोजी, लहान मुलंसुद्धा चढतात हो!’’ चढणारच. त्यांचे गुडघे नवे असतात.

अभयारण्याच्या गेटवर पिशव्या तपासतात. आत जाणारं प्लास्टिक मोजायचं, अनामत भरायची, येताना तेवढंच दाखवून पैसे परत घ्यायचे. व्यवस्था चांगलीच आहे, माझं काही म्हणणं नाही. पण आमच्या हिने खाऊ असा भरला होता की वर मुक्कामालाच चाललोय. गेटवरचे काका वहीत लिहीत गेले: पाण्याच्या बाटल्या, फरसाण, केळ्याचे वेफर्स. मग चिक्कीचा डबा उघडला. आत प्रत्येक तुकडा वेगळ्या कागदात, तोही प्लास्टिकचा. काकांनी माझ्याकडे पाहिलं, पेन झटकलं आणि मोजायला घेतलं. मागे रांग वाढत होती. १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांनी जे २३ किल्ले दिले त्यात हा कर्नाळा किल्लाही होता. ती मोजदादसुद्धा याहून लवकर आटोपली असेल.

पुढे जंगल सुंदर होतं म्हणे. मी खिसे चाचपत होतो. वासुदेव बळवंत फडक्यांचे आजोबा इथले किल्लेदार होते, असं मेहुणा सांगत होता. किल्लेदाराची झोप का उडत असेल ते मला पटत होतं. फक्त मी चिक्कीचे कागद राखत होतो. एवढ्यात झाडीतून शीळ आली. काही पडलं वाटून मी जागीच थांबलो. ‘‘शीळकरी कस्तुर!’’ मेहुणा हरखून म्हणाला. मी वेफर्सच्या पुड्याचा फाडलेला कोपरा शोधत होतो. तो वेगळा धरतात की पुड्यातच, हे गेटवर विचारायचं राहिलं होतं.

शेवटच्या टप्प्यावर मी दोन्ही हातांनी कातळ धरून चढलो. त्याबद्दल जास्त बोलायला नको, फोटो आहेत.

सुळक्याशी पोचलो. पायथ्याला कातळात खोदलेली पाण्याची टाकी, वर आग्या माश्यांची पोळी. ‘‘इथे आवाज नाही करायचा,’’ मेहुण्याने बजावलं. त्याच क्षणी एक माकड आलं आणि केळ्याच्या वेफर्सचा पुडा माझ्या हातातून घेऊन कड्यावर बसलं.

डोक्यावर पोळी असताना माकडाशी भांडायचं म्हणजे कुजबुजत. ‘‘ए, दे ना,’’ मी म्हणालो. ‘‘वेफर्स ठेव, पिशवी दे.’’ ही तोंडावर पदर धरून हसत होती. माकडाने वेफर्स निवांत संपवले, पिशवीत डोकं घालून खात्री केली आणि ती घेऊनच पलीकडे उतरलं.

उतरताना सबंध वाट मी झुडपं धुंडाळली. मेहुण्याला वाटलं, मला अखेर पक्ष्यांची गोडी लागली. कर्नाई देवीच्या देवळापाशी चिखलात अर्धवट रुतलेला एक पुडा सापडला. देवीनेच दिला म्हणायचं. टाक्याजवळ भरलेल्या पाण्याने मी तो स्वच्छ धुतला.

गेटवर काकांनी सगळे कागद मोजून टेबलावर मांडले. मग पुडा उचलला, चष्मा वर करून वाचला, वहीत बोट ठेवलं.

‘‘साहेब, तुमचं केळ्याचं होतं. हे बटाट्याचं आहे.’’

मागच्या रांगेतून एक गृहस्थ टाचा उंचावत म्हणाले, ‘‘बटाट्याचं? बघू, बघू!’’