अडीचशे किलोचं धूड हवेत गेलं कसं?

"अडीचशे किलो आणि उडायचं? काहीतरीच!" पक्याने सुन्याचा फोन त्याला परत दिला. फोनवर क्वेट्झलकोॲटलसचं, म्हणजे डायनोसॉरच्या काळातल्या एका अवाढव्य उडणाऱ्या प्राण्याचं चित्र होतं, पंखांचा पसारा १० ते ११ मीटर.

पक्याचा हिशेब असा: आपला माळढोक भरला तरी १५ किलोपर्यंत, आणि तोसुद्धा धावत जाऊन कसाबसा उठतो. मग त्याच्या सोळा-सतरापट वजनाचा प्राणी उठेल कसा?

"अरे, तू पक्ष्याचं माप लावतोयस," मी म्हटलं. "हा पक्षी नाही, डायनोसॉरही नाही. हा टेरोसॉर, उडणाऱ्या सरीसृपांचा वेगळाच गट."

खरी मेख इथेच आहे. पक्षी उडी मारतो पायांनी आणि उडतो पंखांनी. वजन वाढलं की पाय दणकट हवेत, पण हवेत गेल्यावर तेच पाय ओझं होतात. टेरोसॉर मात्र चार पायांवर चालायचे, त्यांचे ठसेच तसे सापडलेत. पंख म्हणजे हातच, लांबच लांब चौथ्या बोटावर ताणलेली कातडी. चालताना ते बोट दुमडून वर. पुराजीवशास्त्रज्ञ मायकेल हबीब यांनी २००८ साली मांडलं की हे प्राणी हातांच्याच रेट्याने उसळायचे. उडायचे स्नायू तेच, उठायचेही तेच. रक्तपिपासू वटवाघूळ आजही जमिनीवरून असंच उठतं.

दिन्या तालमीतला. त्याला लगेच कळलं. "म्हणजे पक्षी बैठक मारून उठतो आणि हा जोर मारून!" याहून नेमकं मला सांगता आलं नसतं.

सुन्या गप्प बसणारा नव्हे. "२०२१ च्या अभ्यासात पेडियन नावाचे शास्त्रज्ञ आणि मंडळी म्हणतात, तो मागच्या दोन पायांवर अडीच मीटर उंच उडी मारायचा आणि मग पंख फडकवायचा." तेही मत आहेच. मला मात्र पटत नाही. एवढे जबरदस्त हात असताना उडीचा भार पायांवर कशाला?

"पण अडीचशे किलो ठरवलं कशावरून? पूर्ण सांगाडा आहे का?" पक्याचा प्रश्न रास्त होता. नाही. १९७१ साली अमेरिकेत टेक्सासच्या बिग बेंड राष्ट्रीय उद्यानात डग्लस लॉसन या विद्यार्थ्याला मिळाली ती एका पंखाची हाडं. बाकीचा अंदाज त्याच्या लहान आकाराच्या जातभाईंवरून, म्हणून सुरुवातीला १५ मीटरच्या वरचे आकडेही निघाले. पण दंडाचं हाड बघा: ५४ सेंटीमीटर लांब, आतून पोकळ, आणि खांद्याजवळ स्नायू धरायला हाडाचा रुंद कंगोरा. न उडणाऱ्या प्राण्याला असला दंड हवाय कशाला?

"बरं, उठला," पक्या म्हणाला. "पण गिधाडासारखा तासन्‌तास घिरट्या घालत होता, हे नाही पटत."

तिथे पक्याचं पारडं जड आहे. २०२२ साली जपानी संशोधकांनी गणित मांडून हेच म्हटलंय: त्याला तरंगणं फारसं जमत नसावं, तो बहुधा जमिनीवरच जास्त वावरला. सुन्याला हे मान्य नाही.